मोटार बंद झाल्याचं उत्तर

त्या दुष्काळात मुखेडकडच्या माझ्या आजोळी विहिरीचा तळ दिसू लागला होता. गावाला पाणी सोडायचं काम मामांकडं. विहीर ओढ्याकाठी, टाकी लांब टेकडीवर. त्यांचे उन्हातले हेलपाटे वाचावेत म्हणून मी टाकीवरून मोटार चालू-बंद करायला बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओच्या दोन पेट्या बनवल्या, एक टाकीवर, एक विहिरीवर. पेटीत अँटेना एकच. बोलताना ती एकीकडं जोडायची, ऐकताना दुसरीकडं. हे काम एका बारीक स्विचचं, आणि त्याला हुकूम मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे प्रोग्रॅम भरलेल्या चिपच्या, एका पिनेचा. घरी टेबलावर सगळं नीट चाललं होतं.

पहिल्या दिवशी मी टाकीवर होते, मामा विहिरीवर. त्यांनी हातानं चालू केलेली मोटार लाईट गेल्यानं थांबली होती. ऑटो स्विच होता. लाईट आली की ती आपोआप सुरू होणार. मामांचा फोन आला, "मोटारीपाशी लई गाळ हाय. तू तिकडून तुझ्या पेटीनंच बंद कर, मी उतरतो."

"उत्तर येईपर्यंत थांबा, मामा."

त्यांना ऐकू गेलं की नाही कळलं नाही. फोन तुटला, पुन्हा लागेना.

मी बटण दाबलं. विहिरीवरच्या पेटीकडून बंद झाल्याचं उत्तर आलं की माझ्या पेटीवर हिरवा दिवा लागायचा. लागला नाही. पुन्हा पुन्हा दाबलं. मामा आता पाण्यात असतील, हात वायरीच्या जोडावर असेल.

स्कूटी काढली, तर सडकेवर नव्या जिल्ह्याच्या मागणीसाठी रास्ता रोको. गाडी तिथंच टाकून वाळक्या तुरीतून पळाले. कान सारखे मोटारीच्या आवाजाकडं.

काठावर मामांच्या चपला होत्या. आत बघायचा धीर झाला नाही. आधी मोटारीच्या बोर्डातले फ्यूज उपसले, मग वाकले.

"मामा, वर या."

"का गं? बंद केलीस न्हवं?"

मी हातातले फ्यूज दाखवले. ते वर येऊन पाय पुसत असतानाच बोर्डावरचा दिवा लागला. लाईट आली होती. दोघंही दिव्याकडं बघत राहिलो.

नंतर मीटर लावला. पिनेतून जेमतेम सव्वातीन व्होल्ट निघत होते. स्विचला पाचाच्या आसपास हवे होते. तो अर्धवटच वळत होता. टेबलावर झिरपलेला सिग्नलही पुरला, एवढ्या लांब पुरला नाही. मधे व्होल्ट पाचापर्यंत नेणारा ट्रान्झिस्टर घातला. त्यानं हुकूम उलटा होतो, म्हणून प्रोग्रॅममध्येही उलटवला. मग उत्तरं येऊ लागली.

तरी मामा पुढं कधी उतरले, तर फ्यूज खिशात घालूनच.