भरत नेमका कोणता?

सोमवारी संगणक उघडला तर फ्राऊ क्रेमर, म्हणजे आमच्या बॉस, यांची मेल. विषय: भरत. शुक्रवारी माझी प्रोबेत्साइट संपत होती. सहा महिने काम बघून कायम ठेवायचं की नाही ते ठरवतात, तो काळ.

जर्मनीतल्या एश्बॉर्नला एका ऑनलाइन कोशाच्या ऑफिसात मी काम करते. शिक्षण नववीपर्यंत. नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आले, जर्मनच्या परीक्षा दिल्या, आणि फ्राऊ क्रेमरनी नववीचं ऐकूनही मला घेतलं. ते मी विसरत नाही. आजूबाजूला सगळे पीएचडीवाले. त्यामुळे मेल आली की आधी वाटतं, आता कळलं यांना, हिला काही येत नाही.

काम असं. एका नावाचे चारजण असतात. वाचकाने नुसतं नाव टाइप केलं तर कुणाचं पान उघडायचं? जो सर्वांत जास्त शोधला जातो, त्याचं. त्याला आम्ही मुख्य अर्थ म्हणतो. कुणीच वरचढ नसेल तर सगळ्यांची यादी उघडते. पुराणातली नावं माझ्याकडे, कारण मी भारतातली. भरतला मी दोन मिनिटंही दिली नव्हती. रामाचा भाऊ, पादुका सिंहासनावर ठेवणारा. दुसरा कोण? दुष्यंताचा मुलगा, नाट्यशास्त्राचे भरतमुनी आणि जैनांचा भरत चक्रवर्ती गेले मागे.

मेल रेगेन्सबर्गच्या एका नृत्यशिक्षिकेची होती, पुढे पाठवलेली. माझ्या विद्यार्थिनी मुनी शोधतात आणि दर वेळी राजपुत्र समोर येतो, अशी तक्रार.

फ्राऊ क्रेमरनी केबिनमध्ये बोलावलं. त्या कधी आवाज चढवत नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटते.

"कशावरून ठरवलंत?"

"सगळ्यांना तोच माहीत असतो म्हणून."

"सगळे म्हणजे कोण?"

गुरुवारपर्यंत आकडे बघून सांगा, म्हणाल्या.

सिस्टीमचा रिपोर्ट काढला. राजपुत्र सगळ्यांच्या कितीतरी पुढे. हायसं वाटलं. पण मला फिल्टर वगैरे नीट जमत नाहीत, म्हणून मूळ नोंदीही ओळीओळीने वाचत होते, वहीत पाच-पाचच्या काड्या मारत. बुधवारी दुपारी लक्षात आलं. लोक 'भरत' टाइप करायचे, राजपुत्राचं पान उघडायचं, आणि बरेचजण लगेच पुन्हा टाइप करायचे: भरत नृत्य, भरत राजा. रिपोर्ट फक्त पहिलं पान मोजत होता. ते पहिलं पान मीच लावलेलं. एकच दार उघडं ठेवायचं आणि त्यातून किती आले ते मोजायचं, तसं झालं होतं.

घरी नवऱ्याला सांगितलं, "अहो, रिपोर्टच फसवा आहे. माझ्या चुकीने फुगलाय."

"शुक्रवार होऊ दे की. भरत काय पळून जातोय? चौदा वर्षं थांबलेला माणूस तो."

हसले, पण ज्यांनी मला नववीवर घेतलं, त्यांना हा फसवा रिपोर्ट कसा द्यायचा?

गुरुवारी वही घेऊन गेले. सगळं सांगितलं. फ्राऊ क्रेमर पेन्सिलीच्या टोकाने काड्या मोजत राहिल्या.

"मग मुख्य अर्थ कोणता?"

"कुणीच नाही. यादी उघडावी. आधीचा निर्णय माझा चुकला."

"रिपोर्ट तर तुमच्या बाजूने होता."

"हो."

त्यांनी वही मिटून मला परत दिली. "तर मग बाकीच्या नावांचे रिपोर्टही असेच फुगलेले असणार. सोमवारपासून ती तपासायला घ्या."

मान डोलावून बाहेर आले. एस-बान लोकलमध्ये बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला की सोमवार शुक्रवारनंतर येतो, म्हणजे मला ठेवलंय. मी एकटीच हसतेय बघून समोरच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का. म्हटलं, फार बरं वाटतंय.

हल्ली नवीन नाव आलं की मी काही आठवडे यादीच उघडी ठेवते आणि मगच मोजते. रामाचा भरत आता यादीत तिसरा आहे. त्याची अजून काही तक्रार आलेली नाही.