डॉलरवरची साय

माझे दाजी अर्विड त्वाइट यांच्याइतका भला माणूस अख्ख्या मोंटानात शोधून सापडायचा नाही. आणि त्यांच्या या भलेपणाने माझं डोकं जेवढं फिरलंय, तेवढं दुसऱ्या कशानेही फिरलेलं नाही.

दाजी गावच्या गव्हाच्या कोठारात वजनकाट्यावर होते. नाद एकच, चांदीचे जुने डॉलर. आमच्याकडे पूर्वी कागदी नोट पुढे केली की दुकानदार तोंड वाकडं करायचा. पगार चांदीत, बिअर चांदीत, पँटचे खिसे सारखे फाटलेले. त्यातूनच वेचून दाजींनी भोकाभोकांचा पुठ्ठा, एकेका सालाच्या नाण्याला एकेक भोक असलेला, भरत आणला होता. एकच भोक रिकामं राहिलं होतं, अठराशे ब्याण्णवचा, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीचा डॉलर. झिजलेले हवे तेवढे मिळत. पण दाजींना हवा होता कोरा, टांकसाळीतून निघाला तसा. तो कुठून मिळणार? टांकसाळीतून निघाले ते गोण्यांत पडले, आणि आमच्या पश्चिमेत गोणी अलगद कोण ठेवतो! आपटल्या, ओतल्या, मग दारूच्या दुकानांत आणि जुगाराच्या टेबलांवर डॉलर घासत राहिले. रोजच्या वापरातली वस्तू जपून ठेवावी असं कुणाच्या मनातच आलं नाही.

दाजींचं अर्धं आयुष्य त्या भोकाकडे बघण्यात गेलं. माझी बहीण डॅग्नी म्हणायची, "माझ्याकडे एवढं बघितलं असतं तर!"

आणि तो डॉलर निघाला कुठे, तर आमच्याच चर्चमधल्या रॅग्नाबाई मोएन यांच्याकडे. त्यांचं धुराडं तुंबलं म्हणून आम्ही दोघं गेलो होतो. काम झाल्यावर बाईंनी कपाटातून एक जुनं लोकरी फडकं आणलं. त्यांच्या नवऱ्याच्या, क्नूटच्या बाप्तिस्म्याला मामाने दिलेला डॉलर त्यात तेव्हापासून गुंडाळलेला. दाजींनी तो कडेला धरून खिडकीपाशी तिरका केला. ताज्या दुधावर येते तशी त्याच्यावर साय होती, आणि उजेड तिच्यावरून चाकासारखा फिरत होता. कडेला निळसर सोनेरी छटा. दाजींना तो खाली ठेववेना.

"घेऊन जा अर्विड," बाई म्हणाल्या. "मला काय करायचंय?"

"छे छे, नको."

आता आम्हा मूळच्या नॉर्वेकरांची रीत अशी, की देणाऱ्याने तीनदा द्यायचं आणि घेणाऱ्याने दोनदा नाकारायचं. पहिल्याच वेळी हात पुढे करतो तो हावरट. कॉफीच्या वेळी बाईंनी पुन्हा विचारलं, दाजींनी पुन्हा "नको" म्हटलं. तिसरं विचारणं दाराशी व्हायचं, तर नेमके पाद्री महाशय दारात हजर! त्यांच्या गडबडीत बाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या रविवारी या कॉफीला."

"दाजी, मागा की आत्ता!" मी गाडीत ओरडलो.

"मागतात का कुठे?" दाजी म्हणाले.

रविवारी गेलो. टेबलावर धुतलेलं कापड, लोणी लावलेल्या बटाट्याच्या पोळ्या, आणि बशीत मधोमध डॉलर. लख्ख! नव्या चमच्यासारखा. साय गेली, निळसर कड गेली, राहिले ते बारीक ओरखडे. घासलेलं नाणं पुन्हा कोरं होत नाही.

"तुम्ही येणार म्हणून घासून ठेवला," बाई हसत म्हणाल्या. "कळकट वस्तू कशी द्यायची माणसाला? काल संध्याकाळभर घासत होते."

आमच्या घरांतून पाहुणे यायच्या आधी चांदी घासतातच. माझी आईही घासायची. तरीही मला ती बशी भिंतीवर फेकावीशी वाटली.

दाजी बाईंच्या हातांकडे बघत होते. संधिवाताने बोटांचे सांधे सुजलेले, नखांत पॉलिशचा काळा राप.

"सुंदर दिसतोय," दाजी म्हणाले आणि डॉलर घेतला.

"आवडला ना? मग तसाच अजून एक आहे. मामाने दोन दिले होते. तो त्या फडक्याच्या दुसऱ्या घडीत पडलाय काळवंडून. तोही घासते, पुढच्या रविवारी—"

"घासू नका!" मी उठलोच. "बाई, त्याला हात—" दाजींनी टेबलाखाली माझ्या पायावर असा काही बूट ठेवला की पुढचे शब्द घशातच राहिले.

"हाताला त्रास होईल तुमच्या, असं म्हणतोय तो," दाजी म्हणाले. "आणि मला एक पुरे."

कॉफी पुन्हा ओतताना बाईंनी विचारलं, "मग न घासताच नेतोस?"

"नको, खरंच."

निघताना दाराशी त्यांनी फडकंच पुढे केलं. तिसरी वेळ! आता हो म्हणायला कुणाची हरकत नव्हती, देवाचीसुद्धा.

"नको, रॅग्नाबाई," दाजी म्हणाले. तिसऱ्यांदा नाही म्हणजे कायमचं नाही. बाईंनी फडकं परत नेलं.

गाडीत मी स्टिअरिंगवर मूठ आपटली. "अहो, काय केलंत हे! देत होती ती! जसा होता तसा!"

"नाताळात ती आपल्याकडे येते," दाजी म्हणाले. "दर वर्षी पुठ्ठा बघायला मागते. तो डॉलर तिथे दिसला असता तर विचारलं असतं, मी एवढा घासून दिलेला कुठे आहे?"

त्या नाताळात रॅग्नाबाई आल्या. चष्मा लावून त्यांनी पुठ्ठा नीट बघितला आणि ब्याण्णवच्या भोकावर सुजलेलं बोट टेकवून म्हणाल्या, "बघ अर्विड, सगळ्यांत माझाच उठून दिसतो."

"तर काय," दाजी म्हणाले.