मसण्याऊदाचा पुढचा पाय

माझ्या थोरल्या साडूंइतका हट्टी माणूस धाराशिव जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो एव्हाना त्यांच्यापुढं हात टेकून बसला असेल. जनावरांच्या डॉक्टरांना शरीररचना शिकवण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त होऊन सास्तूरला आले, तेव्हापासून त्यांचं लक्ष शेतापेक्षा शेतातल्या बिळांवरच जास्त. तेरला एका लग्नात अक्षतांच्या वेळी गायब झाले ते थेट नदीकाठी सापडले. कोरा सदरा मातीत घालून पालथे पडलेले, खांद्यापर्यंत हात बिळात! "मसण्याऊदाचं आहे," उठता उठता म्हणाले. "मढी उकरतं म्हणून लोक उगाच घाबरतात. एवढंसं जनावर, पण मुरूम असा उकरतं की टिकावानं लाजावं. त्याच्या पुढच्या पायात असं काय आहे, ते एकदा उघडून बघायचंय मला."

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं सुधारलं, चालणं सुधारलं. हात मात्र तसाच लोंबत राहिला. आणि नेमकं त्यानंतर तामलवाडीजवळ गाडीखाली सापडून एक मसण्याऊद मेलं. साडूंनी वनखात्याच्या कचेरीत इतके खेटे घातले, की साहेबांनी परवानगी अभ्यासासाठी दिली की स्वतःची सुटका व्हावी म्हणून, कोण जाणे. फॉर्मलीनच्या बरणीतून एक पाय घरी आला, आणि चित्रं काढायला मला बोलावणं आलं.

डाव्या हातानं दिलेला पहिला काप कातड्याखालच्या स्नायूलाच चिरून गेला. दुसराही. साडूंनी सुरी खाली ठेवली आणि लोंबत्या उजव्या हाताकडं बघत बसले. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या मेहुणीबाईंनी, घरात कधी अंडंसुद्धा येऊ दिलेलं नाही. त्या आतून आल्या आणि नाकाला पदर बांधून समोर बसल्या.

"सरका तिकडं. कुठं कापू ते सांगा."

"तुला जमायचं नाही."

"आख्ख्या गावाची पोलकी उसवून शिवली म्या. ह्ये काय लई येगळं हाय व्हय?"

मग रोज दुपारी दोघांचं भांडण आणि काम एकदमच चालायचं. "फाडू नकोस, सोडव!" "सोडवतेच की, वरडू नका!" कोपरामागचा जाडजूड स्नायू मोकळा झाला तेव्हा साडू लहान मुलासारखे हसले. "बघ, हा कोपर सरळ करतो, माती मागं लोटतो. आणि हे आतल्या बाजूनं पंजापर्यंत गेलेत ना, ते नखं रोवतात."

"आन ह्यो बारका कशाला?"

"ठाऊक नाही," साडू म्हणाले. "उद्या बघू." ठाऊक नाही हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.

शेवटच्या दिवशी सगळे स्नायू ताटात मांडून झाले. साडू सांगत गेले, मी चित्रं काढत गेलो. मेहुणीबाईंनी साबणानं पुन्हा पुन्हा हात धुतले. चिमटा धरून धरून त्यांची बोटं आखडली होती. साडूंनी तो हात आपल्या डाव्या हातात घेतला आणि मनगटापासून वर, हळूहळू दाबत गेले.

"चहा ठेवते," त्या म्हणाल्या.

पण हात त्यांनी सोडवून घेतला नाही, आणि चहाची आठवण करून द्यायचं मलाही जिवावर आलं.