घायपाताचा दांडा

मी मुरगावला निघालो त्या सकाळी बाबा बसपर्यंत आले नाहीत. ओहोळावर घायपाताची कुजवलेली पानं बडवत बसले होते. आई म्हणाली, "ते येवचे नात. तूं वच." बंदरातली नोकरी म्हणजे बाबांच्या लेखी घर सोडून पळणं. लाटंबार्सेतलं आमचं भाट, म्हणजे काजूची बाग, आणि वाखाचे दोर यांच्यापलीकडे जग आहे, हेच त्यांना मान्य नव्हतं. मीही काही कमी हट्टी नव्हतो. वळून पाहिलं नाही.

तुमच्यापैकी जे गावातच राहिले त्यांना घायपात काय सांगायचं! भाटाच्या कडेने कुंपणाला लावायचं, पानं कापून वाख काढायचा. दहा-पंधरा वर्षं ते मुकाट पानं देतं. मग एका वर्षी मधूनच कौलांच्याही वर जाणारा दांडा काढतं. त्याला फुलं येतात, मग शेकड्यांनी पिल्लं लागतात, ती गळून पडतात आणि झाड वाळून जातं. आयुष्यात एकदाच फुलायचं, बस्स.

मुरगावात मी जागेचा एक तुकडा घेतला, त्या वर्षी शिगम्याला घरी गेलो. अंगणाजवळच्या सगळ्यात जुन्या घायपाताला दांडा आला होता, फुलं अजून यायची होती. बाबा डिचोलीच्या बाजारात गेलेले. माझ्या डोक्यात आलं, आई मंजिऱ्या खुडते म्हणून तुळस टिकते, तसं हेही टिकेल. बाबांचं लाडकं झाड वाचवू या! कोयता घेतला आणि दांडा खालून तोडला. शहाणपणा करावा तर असा. घामाने निथळत होतो आणि वर खुशीत होतो.

बाबा आले. पिशवी खाली ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. "झाड मरतलेंच रे," एवढंच म्हणाले, "पूण पिलां दिवन मरतलें आसलें." आणि पाय धुवायला गेले.

चुलीपाशी आईने सांगितलं. ती पिल्लं बाबांना माझ्या जागेसाठी हवी होती. चारी बाजूंनी कुंपण घालायला ते स्वतः मुरगावला येणार होते. पत्र लिहून माझ्याकडून लांबी-रुंदी मागवली ती त्यासाठीच. मी आकडे कळवले, कशाला हवेत ते विचारलं नाही.

"बुंध्याशी फुटवे असतील ना?" मी म्हटलं.

"चार-पांच. तितल्यान कितें जातलें?" तेवढ्यांनी एक बाजूही भरली नसती.

झाड वर्षभरात वाळलं. बाबांना मी पुढे दोनदा बोलावलं. "पळोवया," म्हणजे बघू, असं म्हणाले. आले कधीच नाहीत, आणि आता तर ते नाहीतच. माझ्या घराभोवती चिऱ्यांची भिंत आहे, चांगली छातीएवढी. तिचा मला राग येतो.

घर कुठलं म्हणून कोणी विचारलं की मी अजून लाटंबार्सेच सांगतो. बाबा मात्र मुरगावच्या त्या उघड्या तुकड्याला माझं घर म्हणायला तयार झाले होते. मला ते कळलं तेव्हा दांडा अंगणात आडवा पडला होता.