आत्याने केलेली अणुकेंद्राची तपासणी

तमाम नातेवाईक आणि शेजाऱ्यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, अणुऊर्जेच्या सुरक्षिततेची चौकशी आमच्या घराण्याने एकदा स्वतः केली होती. चौकशी समितीत एकच सदस्य, माझी आत्या. उपकरणही एकच, तिच्या उजव्या हाताची तर्जनी.

झालं असं, की माझ्या धाकट्या बहिणीला स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, पण नोकरी समुद्राकाठच्या अणुवीज केंद्रात आणि राहायला तिथल्याच वसाहतीत. जपानातल्या अपघाताच्या बातम्या तेव्हा ताज्या होत्या. आई म्हणाली, "नको." बाबा म्हणाले, "घर तरी बघून येऊ." मुलाचा फोटो मात्र टेबलावरून बहिणीच्या पर्समध्ये गेलेला मी पाहिला होता.

आम्ही तेव्हा नाशिकबाहेर, कोळशाच्या वीज केंद्राजवळ राहायचो. काय दिवस होते! गच्चीवर कुरडया घातल्या की आत्या वाऱ्याची दिशा बघत बसायची आणि मध्येच आरोळी ठोकायची, "राख आली गं, राख!" मग सगळ्या बिल्डिंगमधल्या बायका जुन्या साड्या घेऊन वर धावायच्या. कुरडया झाकता झाकता हसणं, चिडवणं, आठवडाभराच्या गप्पा तिथेच व्हायच्या. आता आत्या नाही, आणि गच्चीवर कुरडयाही कुणी घालत नाही. पण धोका म्हणजे बोटाला लागतो तो, हे आमचं शिक्षण त्या गच्चीवरचं.

त्यामुळे द्राक्षांची पेटी घेऊन आम्ही मुलाच्या घरी पोचलो, तेव्हा आत्याने चहाच्या आधी खिडकी गाठली. गजावरून बोट फिरवलं. कपाटाच्या माथ्यावरून फिरवलं.

मुलाची आई अवघडून म्हणाली, "अहो, सकाळीच पुसलंय सगळं."

"म्हणजे पुसावं लागतं तर!" आत्या गॅलरीत गेली आणि दोरीवरचा पांढरा शर्ट उलटासुलटा करून आली. मग आपलं स्वच्छ बोट तिने सगळ्यांना फिरवून दाखवलं. "काही नाही! लोक उगाच घाबरवतात."

"आत्या, इथलं जे असेल ते बोटाला लागत नाही," बहीण हळूच म्हणाली. मग तिने थेट मुलाकडे पाहिलं. "तुम्हाला भीती नाही वाटत?"

आता हा छापील उत्तर देणार, असं मी धरून चाललो होतो.

"सुरुवातीला खूप वाटायची," तो म्हणाला. "आता रोजची मोजमापं स्वतः बघतो, त्यामुळे कमी झालीय. पूर्ण गेलेली नाही. गेली तर माणूस निष्काळजी होईल. तुम्हीही नीट विचार करूनच ठरवा."

स्वतःचं स्थळ असं स्वतःच धोक्यात घालणारा नवरामुलगा मी दुसरा पाहिलेला नाही. आईने पर्स उचलली. बाबा खाकरले आणि उठता उठता रीतीप्रमाणे म्हणाले, "ठीक आहे. घरी गेल्यावर कळवतो."

बहीण जागची हललीच नाही.

"घरी जाऊन काय कळवायचंय? माझं हो आहे, बाबा, बसा!"