त्रेचाळिसावं घर

पंखा घरघरायचा, पडद्यावर दोन ओळी उमटायच्या आणि चार म्हणेपर्यंत सगळं गप्प. पुन्हा बटण दाबा, पुन्हा तेच. दसरा झाल्यापासून उज्वलाचा कॉम्प्युटर असा चार अंकांचा खेळ करून पडदा पाडत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं गुलाम रसूल चाचांना बोलावलं. चाचा आधी रेडिओ दुरुस्त करायचे. लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले, क्लासेसमध्ये कॉम्प्युटर आले, तशी चाचांनी उतारवयात नवी विद्या उचलली. उज्वला एका क्लासचे सराव पेपर घरी टाईप करून द्यायची. हे जुनं धूडही त्या क्लासनंच टाकून दिलेलं.

"काय म्हणतो हा बुढ्ढा?" चाचांनी पेटी आडवी केली.

"चालू हुतोय अन् मरतोय."

"अगं, मरत न्हाई. रुसलाय." चाचांनी डोळ्यांवर चष्मा चढवला. "आत काय हाय? पेपर?"

"पेपर परत मारता येतील. गावाची यादी हाय."

ती हे अशा सुरात म्हणाली, जसं कुणी सांगावं की दुधाचं पातेलं आत ठेवलंय. चाचांचा हात मात्र थांबला. त्यांना ती यादी ठाऊक होती.

किल्लारीजवळचं तिचं गाव त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं. नवं गाव दुसरीकडं वसलं, सरळ रांगांचं, घरांना नंबर असलेलं. जुन्या गावात कोण कुणाच्या भिंतीला भिंत लावून राहायचं, हे सांगणारा एकच माणूस उरला होता, टपाल वाटणारा मलप्पा. उज्वला दोन वर्षं त्याच्यासमोर बसली. तो डोळे मिटून मनातल्या मनात एकेका गल्लीतून चालायचा, दाराशी थांबायचा, आतल्या माणसांची नावं घ्यायचा. ती लिहायची. बेचाळीस घरं झाली. उन्हाळ्यात मलप्पा वारला. वह्या पावसात भिजून लगदा झाल्या. आता यादी होती ती फक्त या पेटीत.

"कागदावर का न्हाई काढलीस?" चाचा चिडले. "प्रिंटर काय शोभेला ठेवलाय?"

"एक घर राहिलंय."

"कुणाचं?"

"आमचं."

चाचांनी मेमरीची पट्टी उपसली, खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले, बसवली. एक, दोन, तीन, चार. बंद. थैलीतला दुसरा वीजपुरवठ्याचा डबा जोडून पाहिला. एक, दोन, तीन, चार. बंद.

"गेलं असंल तर गेलं, चाचा," उज्वला म्हणाली.

तिला खरोखर काही वाटत नव्हतं. तेरा वर्षांची असताना ती भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी गावात पोचली, तेव्हाही बायका तिला हलवत होत्या, रड गं पोरी, रड. ती लोकांच्या पायांतल्या चपला बघत उभी राहिली होती.

"तू गप बस. मी अजून हारलो न्हाई." चाचांनी बटणापासून आत जाणाऱ्या दोन तारा उपटल्या आणि उघड्या पडलेल्या दोन काड्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं. पंखा फिरला. चार झाले. पाच झाले. दहा झाले. पडद्यावर निळं आभाळ पसरलं.

चाचांनी बटण नखानं उचकटलं. बोटाला लाल, तेलकट लगदा लागला, त्यात तांदळाचा एक दाणा.

"हे काय गं?"

"खंडेनवमीला पूजा केली. पोट भरतंय त्याच्यावर."

"मग कपाळ शोधायचं होतं त्याचं! तू तर कुंकू नाकात भरलंस. बटण दाबलं की आतच अडकून बसतंय. दाबून धरलं तर हा चौथ्या मोजणीला मरणारच!" चाचा स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसले. उज्वलानं पदराच्या टोकानं बटण पुसलं.

"आता काढ यादी. हा लई दिवसांचा पाहुणा न्हाई. आधी तुमचं घर लिव."

ती बसली. त्रेचाळीस. वडील, आई, आजी, धाकटी बहीण. नावं सरळ उमटली. मग बोटं थांबली.

"अजून एक हाय. भाऊ. आठ दिवसांचा. बारसं व्हायचं होतं." ती पडद्याकडंच बघत होती. "मी बघितला न्हाई त्याला. आईचे दिवस भरले म्हणून मला जळकोटला आत्याकडं ठेवलं होतं. बारशाला आत्यासंगं यायचं ठरलं होतं."

"तुमच्यात नाव आत्याच ठेवते ना?"

"हाव."

"आत्या हाय?"

"हाय."

"अन् अकरा वर्षांत तिला विचारलं न्हाईस?"

तो विषय काढायचं दोघींनीही टाळलं होतं, इतकी वर्षं, एकमेकींचं मन राखून. उज्वला उठली, खाली घरमालकांच्या फोनवरून जळकोटला फोन लावला. चाचा जिन्यात उभे राहिले.

"आत्या, मी बोलतेय. बाळाचं नाव काय ठेवणार होतीस?"

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. गुरम्मा आत्या गॅस बंद करून आली. मग बारशात पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात सांगतात, तसं अगदी हळू म्हणाली,

"रामलिंग."

"बरं."

"उज्वले... बारशाच्या घुगऱ्या भिजवायला काढल्या व्हत्या गं मी."

"बरं, आत्या."

ती वर आली. रामलिंग लिहिलं. पुढच्या रकान्यात वय, आठ दिवस.

"काय वाटतंय बेटी?"

तिनं प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. "काही न्हाई, चाचा."

"बरं," चाचा म्हणाले आणि प्रिंटरमध्ये कागद सरळ करून दिला. "दोन प्रती काढ. एक जळकोटला धाड."