वॉटी इमरीला कोणी चेंडू घालू देईना

पिटकर्न गावाविरुद्धच्या गोल्फच्या सामन्यात वॉटी इमरीचा शेवटच्या भोकाभोवतीच्या हिरवळीवर हातभर अंतरावरून चेंडू घालताना नेम चुकला आणि चषक शेजारच्या गावाला गेला. त्याच्या गावात, किलमारोत, त्याला कोणी एक शब्दही बोललं नाही. बिघडलं ते तिथंच.

समोरासमोरच्या खेळात एक रीत आहे. चेंडू भोकाच्या अगदी जवळ थांबला, की प्रतिस्पर्ध्यानं 'उचल' म्हणायचं. तो आत गेला असं धरतात. एकदा 'उचल' म्हटलं की नको म्हणता येत नाही. किलमारोचे लोक दयेपोटी वॉटीला 'उचल' म्हणू लागले. आधी वीतभर अंतरावरून, मग हातभर, पुढे पुढे तर चेंडू थांबायच्या आत. गावातल्या मयतांची व्यवस्था बघणारा टॅम बेथ्यून तर ते अशा आवाजात म्हणे, की वॉटीला टोपी काढावीशी वाटे.

वॉटी गाडीतून मासळी विकायचा. दुःख उगाळत बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं, पण छोट्या टोल्याला आपला हात थरथरतो हे त्याला ठाऊक होतं. क्लबाच्या शिक्षकानं त्याला आत्मविश्वास ठेवायला सांगितलं. कसा, ते सांगितलं नाही. म्हणून वॉटी हिवाळाभर बैठकीच्या गालिच्यावर चहाचा कप आडवा ठेवून सराव करू लागला. कप बहुतेक वेळा सुरक्षित राहायचा.

एकदा त्याची बायको नेट्टा विणकामावरून नजर न उचलता म्हणाली, "मासा कापताना तू गिऱ्हाइकाकडे बघतोस का रे?"

"बोट जाईल."

"मग मारताना कपाकडे काय बघतोस? तो कुठं पळून जातोय?"

वॉटीनं कपावरची नजर काढून आपल्या हातांकडे पाहिलं. मासा कापताना तो आधी हात पुसायचा, काटा कुठं आहे ते तळव्यानं चाचपायचा, आणि एकदा सुरी घातली की मधे थांबायचा नाही. थांबलं की मांस फाटतं. तेच त्यानं गालिच्यावर आणलं. आधी हात विजारीला पुसायचा. चेंडूमागं बसून उतार बघायचा. बाजूला उभं राहून एक टोला हवेत मारायचा. मग भोकाकडे शेवटचं बघून घ्यायचं, श्वास सोडायचा, आणि मान वर न करता मारायचं. रोज हेच, याच क्रमानं. वसंत येईतो कपाचा कान तुटला आणि नेट्टानं तिथं पत्र्याचा मग ठेवला.

आता हे वापरायचं कुठं? मैदानावर सगळे 'उचल' म्हणत होते. 'मला घालू दे' असं स्वतः म्हणणं म्हणजे लोकांच्या चांगुलपणाला नावं ठेवणं. ते वॉटीला जमणारं नव्हतं.

जूनमध्ये बाद फेरीत त्याची गाठ ग्रेटा मेल्ड्रमशी पडली. पोस्ट चालवणारी ही विधवा खेळात कोणाला काही सोडत नाही, अशी तिची ख्याती. वॉटी मुद्दाम दाढी करून गेला.

पहिल्याच हिरवळीवर ग्रेटा म्हणाली, "उचल."

पुढच्याही हिरवळीवर तेच. अर्ध्या वाटेवर वॉटी बाकावर बसला.

"ग्रेटा, ह्यू होता तेव्हा त्याला कधी 'उचल' म्हणालीस का गं?"

"नवऱ्याला? कधीच नाही."

"का?"

"बरा खेळायचा तो. त्याचा अपमान कशाला करू?"

वॉटी चेंडू पुसत बसला. ग्रेटानं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं.

शेवटच्या हिरवळीवर ग्रेटा एका गुणानं पुढे निघण्याच्या बेतात होती. वॉटीचा चेंडू भोकापासून हातभरावर थांबला. हा आत गेला तरच बरोबरी. सवयीनं तो चेंडू उचलायला वाकला. कानावर काही आलं नाही. त्यानं वर पाहिलं. ग्रेटा समुद्राकडे बघत होती, जणू तिथं काही स्वस्तात मिळत होतं.

"ग्रेटा?"

"मी काही म्हटलेलं नाही."

वॉटी सरळ उभा राहिला. त्यानं हात विजारीला पुसला. मागं बसून उतार पाहिला, हवेत टोला मारला, भोकाकडे बघून घेतलं, श्वास सोडला आणि मारला. मान वर केली नाही. चेंडू आत पडल्याचा आवाज आला, घरच्या पत्र्याच्या मगातल्या आवाजापेक्षा बराच बारीक.

"फार वेळ लावतोस," ग्रेटा म्हणाली. "चल, अजून एक भोक खेळावं लागणार."

त्या जादा भोकावर तिनं खूप लांबून चेंडू घातला आणि वॉटी हरला. क्लबाच्या खिडकीतून सगळं पाहत असलेला टॅम बाहेर आला.

"त्याला घालायला लावलंस? बरं नाही केलंस, ग्रेटा."

"तू तुझ्या मयतांच्या पेट्या बघ," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी वॉटी टॅमशी खेळला. चेंडू वीतभरावर थांबला, टॅमनं तोंड उघडलं. पण वॉटी आधीच हात विजारीला पुसत होता. टॅमनं तोंड मिटलं. वॉटीनं सगळं क्रमानं केलं. चेंडू भोकाच्या काठाला घासून बाहेर थांबला.

मग टॅम म्हणाला, "एवढ्या तयारीत मी एक माणूस पुरून आलो असतो."

घरी नेट्टानं सूप वाढलं.

"चेंडू गेला का?"

"नाही. टॅमनं टर उडवली माझी," वॉटी खुशीत म्हणाला, आणि वाडगा पुन्हा पुढे केला.